त्रेचाळीस टक्क्यांनंतर

आयर्लंडमध्ये, आमच्या गॉलवेत, जून महिन्यात संध्याकाळ कधी होते ते कळतच नाही. चहा होतो, जेवणं होतात, भांडी धुऊन प्रेसमध्ये जातात. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही तेच म्हणतो. तरी बाहेर उजेड तसाच. त्या उन्हाळ्यात माझे वडील आमच्याकडे होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते पुढच्या खोलीच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे आणि समुद्रावरून येणारं धुकं बघायचे. समोरची घरं त्यात बुडायची, थोड्या वेळानं धुराड्यांपासून हळूहळू परत वर यायची, आणि अण्णा मान हलवायचे, जणू ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं. किती वेळ बसायचे ते सांगता येणार नाही. मीही कधी कधी शेजारी जाऊन बसायचो आणि ऑफिसची मीटिंग विसरायचो.

अण्णांना ऐकू येत नाही. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. इचलकरंजीत त्यांनी सगळं आयुष्य मागांच्या शेडमध्ये काढलं. आधी विणकर होते, मग जॉबर झाले, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. मी लहान असताना डबा घेऊन जायचो तेव्हा त्या शेडच्या दारातच माझे दात हलायचे. आत माणसं एकमेकांशी तोंड मोठं करून, हातवारे करून बोलायची, आणि त्यांना सगळं समजायचं. त्या खडखडाटानं अण्णांचे कान हळूहळू खाल्ले. कानाचं मशीन आहे त्यांच्याकडे, पण ते शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी असतं. ते म्हणतात, त्यातून कुकर, कुत्रा आणि माणूस एकाच मापानं ओरडतात.

आई होती तोवर आम्हाला हे फारसं जाणवलंच नाही. मी फोन केला की आई ऐकायची, अण्णांच्या समोर उभी राहायची, आणि ओठ हलवून त्यांना सांगायची. त्यांचं उत्तर मला तिच्याच आवाजात यायचं. मागच्या वर्षी आई गेली. त्यानंतर मी व्हिडिओ कॉल करायचो तर पडद्यावर अण्णा हसत बसलेले असायचे. मी हात हलवायचो, तेही हलवायचे. मी विचारायचो, जेवलात का? ते म्हणायचे, हो हो, पाऊस आहे. मग दोघंही थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहायचो आणि मी फोन ठेवायचो. मी एकुलता एक. त्यांच्याशी बोलणारं घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून त्यांना तीन महिन्यांसाठी इकडे बोलावलं. समोरासमोर असलो की जमेल असं वाटलं होतं. पहिले काही दिवस ते प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणायचे. मी परत सांगायचो. परत "काय?" म्हटलं की आवाज चढवायचो. आवाज चढला की माणूस रागावल्यासारखा दिसतो, आणि खरं सांगायचं तर मी रागावलेलाच असायचो. तिसऱ्यांदा विचारलं की मी हात झटकून म्हणायचो, "काही नाही अण्णा, जाऊ द्या." हे वाक्य त्यांना बरोबर समजायचं. महिनाभरात त्यांनी "काय?" म्हणणं सोडून दिलं. कुणीही काहीही बोललं की हसून मान हलवायची, एवढंच. घरात शांतता झाली आणि मला वाटलं, रुळले बिचारे.

आमची मुलगी अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की गॉलवेचं इंग्रजी बाहेर येतं. अण्णांना इंग्रजी वाचता येतं, मागांच्या मॅन्युअलपुरतं का होईना, पण तिचे ओठ वाचणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. ती शाळेतून आली की त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसायची, ते तिच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि दोघं मिळून धुकं बघायची. मी एकदा तिला म्हटलं, अगं आजोबांशी बोल काही तरी. ती म्हणाली, "ही'ज ग्रँड, डॅडी. ही'ज जस्ट लुकिंग." ग्रँड म्हणजे ठीक, आणि इथे सगळंच ग्रँड असतं. पाय मोडलेला माणूससुद्धा ग्रँडच असतो.

अण्णांच्या परतीला तीन आठवडे उरले तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. हा माणूस परत जाईल, आणि पुढची जी काही वर्षं असतील ती आम्ही पडद्यावर हात हलवण्यात घालवू. तेव्हा मी ठरवलं की बोललेलं लिहून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांच्यासाठी बसवायचा. आपण बोलायचं, समोर मोठ्या अक्षरांत मराठी उमटायचं, आणि त्यांनी वाचायचं. जुना लॅपटॉप माळ्यावर होता. त्यावर हे चालवून तो लॅपटॉपच त्यांच्याबरोबर द्यायचा, म्हणजे फोनवर मी बोललेलंही त्यांना वाचता येईल.

"अरे, पण फोनवर रेडीमेड ॲप्स असतात ना," बायको म्हणाली. ती पुण्याची, तिला सरळ रस्ता आवडतो. "डाउनलोड कर आणि मोकळा हो. तुला ना, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा हात घालायची हौस."

मी दोन ॲप्स लावून बघितलीही. अक्षरं मुंगीएवढी, आणि दर वाक्याला बटण दाबायचं. शिवाय इंटरनेट गेलं की मुकी. इचलकरंजीत आमच्या गल्लीत इंटरनेट पावसाच्या मर्जीवर चालतं. मला घरच्या घरी, इंटरनेटशिवाय चालणारं हवं होतं, आणि तसा एक फुकटचा प्रोग्रॅम होता. फक्त तो तयार मिळत नव्हता. त्याचा सोर्स कोड मिळत होता. आयतं पीठ न आणता गहू आणून घरी दळावेत, तसला प्रकार. कोड उतरवून घ्यायचा, लिनक्सवर 'मेक' अशी आज्ञा द्यायची, मग कंपाइलर एकेक फाइल वाचतो, यंत्राच्या भाषेत आणतो, आणि शेवटी चालणारा प्रोग्रॅम हातात पडतो. कॉलेजात असताना हे मी झोपेत केलं असतं. पण मी आता एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत कागदांवर सह्या करणारा इंजिनियर आहे. कोडला हात लावून आठ वर्षं झाली होती. हौस बायको म्हणते तेवढीच होती, हे मान्य.

शनिवारी दुपारी बसलो. अण्णा खिडकीशी, मी मागच्या टेबलाशी. मेक चालू केलं. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा लिहायच्या काळ्या पडद्यावर, टक्के दिसू लागले. दोन, सात, बावीस, चाळीस. पंखा घुमायला लागला. त्रेचाळीस टक्क्यांवर पंखा मंदावला, आणि खाली नवीन ओळ येऊन कर्सर लुकलुकत बसला. म्हणजे काम संपलं. पण शंभर झाले नव्हते आणि प्रोग्रॅमही तयार झाला नव्हता. मी वर बघितलं, खाली बघितलं. एरर नाही. एक शब्द नाही. कंपाइलर अडला तर तो ओरडतो, नको तितकं ओरडतो, कुठल्या फाइलीत कितव्या ओळीवर कोणत्या अक्षरापाशी ते सगळं सांगतो. हा मात्र शांतपणे उठून निघून गेला होता.

परत केलं. परत त्रेचाळीस. मग मी नेहमीचे उपाय सुरू केले. सगळं पुसून पहिल्यापासून. एका वेळी एकच फाइल घे म्हटलं, कारण चार कामं एकत्र चालली की खरी एरर गर्दीत हरवते. गर्दी गेली, एरर आलीच नाही. काय करतोस ते सविस्तर सांग म्हटलं. त्यानं पानभर लांब आज्ञा दाखवल्या, टक्के दाखवले, आणि त्रेचाळीसला गप्प झाला. मग म्हटलं, तक्रारी पडद्यावर नको तर नको, एका फाइलीत लिहून ठेव. फाइल तयार झाली. मी मोठ्या आशेनं उघडली. रिकामी, शून्य बाइटची.

इंटरनेटवरच्या एका फोरमवर विचारलं. तासाभरात कुणा भल्या माणसाचं उत्तर आलं, की कृपया पूर्ण एरर इथे चिकटवा. अहो, तीच तर सापडत नाही! मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की अण्णांनी मागं वळून बघितलं. तो धक्का त्यांना जमिनीतून कळला असावा. ते हसले आणि त्यांनी मान हलवली.

पुढचा आठवडा असाच गेला. ऑफिसातून आलो की मी मेक चालवायचो आणि टक्के वर चढताना बघत बसायचो. बाहेर धुकं यायचं, जायचं. माझ्या मागच्या टेबलावरून अण्णांची पाठ दिसायची, आणि त्यांच्या पलीकडे ती काच. एकदा तर मी त्रेचाळीसवर थांबलेल्या कर्सरकडे किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. भानावर आलो तेव्हा मुलीनं माझ्यासमोर वरणभात आणून ठेवला होता आणि तो गार झाला होता. एका खोलीत बसून आम्ही दोघं बापलेक दोन न बोलणाऱ्या गोष्टींकडे बघत होतो. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय छान निवांत घर आहे.

पुढच्या शनिवारी बायकोनं आम्हाला घराबाहेर काढलं. सॉल्टहिलला समुद्राच्या कडेनं लांब फिरायचा रस्ता आहे. तो जिथे संपतो तिथे एक भिंत आहे, आणि तिला लाथ मारून मागं फिरायचं असा गॉलवेचा रिवाज. का, ते कुणालाच माहीत नाही. अण्णांनी पहिल्या दिवशीच हे बघून ठेवलं होतं. ते भिंतीपाशी गेले, चप्पल नीट केली, अगदी गंभीर चेहऱ्यानं लाथ मारली आणि तिला हात जोडले. शेजारचा एक म्हातारा आयरिश गृहस्थ त्यांना काही तरी लांबलचक बोलला. अण्णांनी मान हलवली. दोघं खूश होऊन आपापल्या वाटेनं गेले. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या मान हलवण्यात काय काय बुडून गेलं असेल.

घरी आल्यावर मी पुन्हा टेबलाशी बसलो. अण्णा माझ्यामागे येऊन उभे राहिले. माणसाचा चेहरा वाचण्यात ते पटाईत, आणि माझा चेहरा त्या दिवशी वाचायला सोपा होता.

"थांबतंय का?" त्यांनी विचारलं.

मी वहीत लिहिलं, "थांबतं. पण का थांबतं ते सांगत नाही." आमच्यात अशी एक वही होती, पण तिच्यात गोळ्यांच्या वेळा आणि अंघोळीला गरम पाणी आहे असल्याच गोष्टी असायच्या.

त्यांनी ते वाचलं आणि मोठ्यानं हसले. खुर्ची ओढून बसले. गेल्या दोन महिन्यांत ते एवढं सलग बोलले नव्हते.

"अरे, आमच्या मागाला एक काटा असतो, एवढासा," ते करंगळी दाखवत म्हणाले. "आडवा धागा तुटला की तो काटा खाली पडतो आन् माग थांबतो. मग विणकर बघतो, धागा जोडतो, परत चालू. पण मागच सारखा थांबायला लागला की माणूस कावतो की. एका बहाद्दरानं काय केलं, तो काटाच सुतानं बांधून टाकला. थांबायचं नावच नको. झाली की त्याची पाळी निवांत. दुसऱ्या पाळीला मला बोलावणं आलं. कापड बघतो तर हातभर कापडात आडवा धागाच नाही, नुसते उभे धागे लोंबतायत. मी सगळा माग खोलला. धोटा बघितला, कांडी बघितली, दात्यांची चाकं बघितली. सगळं झकास. शिव्या सगळ्या मागाला घातल्या. आन् शेवटी काट्याकडं बघितलं."

मी हातानंच विचारलं, मग?

"मग काय? सूत तोडलं." ते उठले. "माग कधी खोटं बोलत नाही रे. त्याचं तोंड कुणी बांधलंय ते आधी बघायचं."

ते खिडकीशी परत गेले. मेकनं दाखवलेल्या त्या पानभर आज्ञांमधली शेवटची आज्ञा मी उचलली आणि मेकला मध्ये न घेता कंपाइलरला थेट दिली. आणि तो ओरडला! लाल अक्षरांत, फाइलीच्या नावासकट, ओळीच्या आकड्यासकट. आवाजाची एक फाइल मला सापडत नाही, मी पुढे जाऊ शकत नाही. आठवडाभर तो हेच सांगत होता आणि ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. एरर बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल.

म्हणजे तोंड मेकनं दाबलं होतं. मग मी लॅपटॉपला विचारलं, मेक म्हणजे नक्की कोण? तशी सोय असते. त्यानं उत्तर दिलं की मेक म्हणजे तुम्हीच लिहून ठेवलेल्या दोन ओळी, आणि त्या ओळी समोर धरल्या.

लिनक्सवर प्रोग्रॅमला बोलायला दोन वाटा असतात. एका वाटेनं नेहमीचं बोलणं जातं, दुसरीनं तक्रारी. तक्रारींची वाट अशा एका ठिकाणी वळवता येते, जिथे गेलेलं काहीही परत येत नाही. माझ्या दोन ओळी तेच करत होत्या. मेक म्हटलं की खरं मेक चालवा, आणि त्याच्या सगळ्या तक्रारी तिकडे टाका.

त्या ओळी मी पुण्यात पहिल्या नोकरीत लिहिल्या होत्या. दर शुक्रवारी परदेशातला क्लायंट आमचा स्क्रीन बघायचा. कोड जुना, दर फाइलीला दहा-वीस सूचना बाहेर पडायच्या, आणि क्लायंट विचारायचा, हे काय, ते काय. साहेब म्हणाले, त्याला काही दिसता कामा नये, सगळं चकचकीत पाहिजे. मी ही युक्ती काढली. शुक्रवारी पडद्यावर नुसते टक्के, एकही डाग नाही. साहेबांनी सगळ्या टीमसमोर पाठ थोपटली. मी ती युक्ती माझ्या सेटिंगच्या फाइलीत कायमची घालून ठेवली. मग नोकऱ्या बदलल्या, देश बदलला, मेक हातानं चालवायची वेळ आली नाही, पण ती फाइल मी दर नव्या लॅपटॉपवर आठवणीनं उतरवत आलो. नवीन घरी जाताना देव्हारा हलवावा इतक्या आठवणीनं.

मी एकटाच हसत सुटलो. स्वतःच बांधलेल्या सुताला आठवडाभर शिव्या घालणारा शहाणा! मग मला अण्णांचं "काय?" आठवलं, आणि हसू गेलं. ते विचारत होते तोवर निदान मला कळत तरी होतं की त्यांच्यापर्यंत काही पोचत नाहीये. ते विचारणं मला नको झालं होतं. मी ते बंद केलं होतं, आणि वर घर शांत झालं म्हणून बरंही वाटून घेतलं होतं. मला फार वाईट वाटलं. उठून त्यांना काही सांगावं असं वाटलं, पण कसं सांगणार? वहीत गोळ्यांच्या वेळांखाली लिहायची ही गोष्ट नव्हती.

दोन ओळी काढून टाकल्या. आवाजाची ती राहिलेली फाइल बसवली, पाच मिनिटांचं काम. मेक चालू केलं. त्रेचाळीस आले आणि गेले. पडद्यावर सूचनांचा पूर आला, पिवळा, जांभळा, आणि मला त्यातली प्रत्येक सूचना वाचावीशी वाटत होती. शंभर झाले तेव्हा बाहेर धुकं हटून समुद्र दिसत होता, आणि अण्णा खुर्चीतच डुलकी घेत होते.

रविवारी दुपारी जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, अण्णांच्या समोर, थोडा तिरका. अक्षरं बोटभर उंच केली होती. बोललेलं उमटायला दोनेक सेकंद लागायचे. मी घसा साफ करून म्हणालो, "नमस्कार अण्णा, मी बोलतोय." अक्षरं आली. अण्णांनी मोठ्यानं वाचलं आणि पडद्यालाच नमस्कार केला. मुलगी हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग तिनं लॅपटॉप थोडा स्वतःकडे ओढला आणि मोडक्यातोडक्या मराठीत शाळेतली एक गोष्ट सांगितली. कोण कुणाशी बोलत नाही, का बोलत नाही, आणि आता तिनं कुणाची बाजू घ्यावी. प्रोग्रॅमनं काही शब्द भलतेच लिहिले, पण अण्णा एकेक ओळ बोट ठेवून वाचत गेले आणि शेवटी म्हणाले, "तू कुणाचीच घेऊ नको. दोघींबरोबर डबा खा." ती त्यांच्याकडे बघतच राहिली. आजोबांचं काही मत असू शकतं, हे तिला बहुतेक त्या क्षणी कळलं.

मग जेवण सुरू झालं आणि दहा मिनिटांत आम्ही सगळे लॅपटॉप विसरलो. सवयी एका दुपारीत जात नाहीत. बायकोनं आमटी वाढली, मुलगी तिच्या कॅम्पचं काही विचारत होती, मी ताटात बघून जेवत होतो, डोक्यात सोमवारची मीटिंग. बायको भाताचं भांडं घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "अण्णांना अजून भात हवाय का रे?"

मी मान वर न करता म्हणालो, "वाढून टाक गं. विचारत काय बसतेस, त्यांना काय कळतंय."

हे मी गेल्या अडीच महिन्यांत किती वेळा बोललो असेन, ते मला माहीत नाही. दुष्टपणे नाही. नळ बंद कर म्हणावं तितक्या सहज. बायको वाढेना म्हणून मी वर बघितलं. तिचं लक्ष पडद्याकडे होतं. दोन सेकंद अजून पुरे व्हायचे होते. मग ते आलं, बोटभर उंच अक्षरांत, एकही चूक न करता. माझी इतर सगळी वाक्यं त्यानं थोडीफार बिघडवली होती. हे मात्र जसंच्या तसं लिहिलं.

मुलीनं लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. अण्णांनी तिचा हात धरून बाजूला ठेवला. ते वाचत होते. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"अण्णा, तसं नाही," मी म्हणालो. "म्हणजे, चुकलं माझं." आणि मला थांबावं लागलं, कारण तेही आधी उमटायला हवं होतं. माझी माफी त्यांच्यापर्यंत जायला दोन सेकंद लागणार होते, आणि तेवढा वेळ मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. लाजेनं माझे कान तापले होते.

त्यांनी ती ओळही वाचली. हातानं असू दे, असू दे असं केलं. त्यांचा चेहरा दुखावलेला नव्हता. तो कसला होता ते मला लगेच कळलं नाही.

"मी समजत होतो," ते म्हणाले, "तुम्ही माझ्याविषयी कधी काही बोलतच नाही."

बायको भाताचं भांडं हातात घेऊन तशीच उभी होती. अण्णांनी लॅपटॉप स्वतःकडे आणखी थोडा वळवून घेतला, ताट तिच्यापुढे केलं आणि बोटांनी एवढासाच म्हणून दाखवलं. मग आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"बोला की," ते म्हणाले. "मी वाचतोय."